ब्रेकचा चीं-चीं आवाज: तीनशेचं काम की चौदा हजारांचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. खानापूरची पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची, ५८,००० किलोमीटर झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. पाऊस सुरू झाल्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चीं-चीं वाजतं, सकाळी जास्त. बेळगावात शोरूमला दाखवलीत. त्यांनी एक चक्कर मारून १४,६०० रुपयांचं इस्टिमेट हातात ठेवलं: पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर, कॅलिपर सर्व्हिस, ब्रेक ऑइल. (पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवतात, त्यांना दाबणारी पकड म्हणजे कॅलिपर, आणि मागच्या ड्रमच्या आत घासणारे ते लायनर.) गावातल्या मिस्त्रीने बाहेर उभं राहूनच कान लावला आणि "पॉलिश पेपर मारून देतो, तीनशे द्या" म्हणाला. महिन्यातून दोनदा चोर्ला घाट उतरून गोव्याला जाता. दोघांतलं कुणाचं ऐकायचं, आणि वर्षाकाठी गाडीवर किती पैसे धरून चालायचं?

बेळगावात सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. तुमचं सगळं वाचून झाल्यावर पहिली गोष्ट खटकली ती ही, की त्यात मिलिमीटरचा एकही आकडा नाही. चाक कुणीच खोललेलं नाही. एकाने चौदा हजारांचा अंदाज केला, दुसऱ्याने तीनशेचा. दोन्ही अंदाजच. त्यामुळे कुणाचं ऐकायचं याचं उत्तर मी इथे बसून दिलं, तर तो तिसरा अंदाज होईल. मात्र चाक खोलून काय बघायचं आणि जे दिसेल त्यावरून किती खर्च रास्त आहे, हे नक्की सांगता येतं.

आवाजाबद्दल आधी एकच बघा: ब्रेक दाबल्यावर येतो, की न दाबताही येतो? गाडी आणणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारतो आणि निम्म्या लोकांना उत्तर ठाऊक नसतं. मोकळ्या रस्त्यावर काचा खाली करा, रेडिओ बंद, ताशी वीस-तीसच्या वेगाने भिंतीकडेने किंवा कंपाउंडच्या कडेने जा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे डावीकडचा की उजवीकडचा तेही कळतं. एकदा नुसती चालवा, एकदा हलका ब्रेक धरून चालवा, एकदा जरा जोरात दाबा.

फक्त सकाळी, पहिल्या चार-पाच ब्रेकला वाजत असेल आणि मग दिवसभर गप्प, तर बहुतेक गंज आहे. डिस्क ओतीव लोखंडाची असते आणि उघडी असते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! रात्रभर गाडी ओलीत राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस थर धरलेला असतो, पॅड तो खरवडून काढतात तेव्हा आवाज होतो. गाडी धुतल्यावरही असंच होतं. याला काही खर्च नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर माझ्याकडे जितक्या गाड्या आवाजाच्या तक्रारीने येतात, त्यातल्या बऱ्याच मी दारातूनच परत पाठवतो.

तुम्ही मात्र "सकाळी जास्त" लिहिलंय, "फक्त सकाळी" नाही. म्हणजे दुपारीही वाजतंय. इथून पुढे लक्ष द्यायला हवं.

पॅडला बऱ्याच गाड्यांत पत्र्याची एक बारीक जीभ दिलेली असते. लायनिंग, म्हणजे पॅडचा घासणारा थर, झिजून साधारण दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ही जीभ डिस्कला टेकते आणि टोकदार, कानात जाणारी चीं करते. ती मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. काही गाड्यांत ती गाडी नुसती चालताना वाजते आणि ब्रेक दाबला की थांबते, त्यामुळे लोक म्हणतात "ब्रेक दाबल्यावर तर बरोबर आहे की!" पण तिच्या भरवशावर राहू नका. सगळ्या पॅडना ती नसते, आणि असली तरी बहुधा एकाच बाजूच्या पॅडला असते.

दुसरं कारण घाटाचं. सतत ब्रेक धरून उतरलं की पॅड फार तापतात आणि त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. असा पॅड जाड असला तरी वाजतो आणि पकडतोही कमी. तुमचा मिस्त्री पॉलिश पेपर म्हणाला तो याच कल्पनेने, आणि त्यात चूक काही नाही. लायनिंग भरपूर शिल्लक असेल तर वरचा थर घासून काढणं हाच रास्त उपाय आहे. पण झीज न बघता घासणं म्हणजे आवाज बंद करून दुखणं तसंच ठेवणं. ती जीभ वाजत असेल तर ती वाकवून देणारेही आहेत. गाडी शांत होते, मालक खूश होतो, आणि महिन्याभरात लोखंडाला लोखंड लागतं.

तो आवाज वेगळा असतो. खर्र-खर्र, जात्यात खडे भरडल्यासारखा, आणि पायाला पेडलमधूनही जाणवतो. हा आला की गाडी तिथून चालवत आणायची नाही. लायनिंग संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासत असते. अथणीकडचे एक गृहस्थ होते, ब्रेक ऑइल कमी झालं की स्वतः आणून भरायचे, वर्षभरात तीनदा भरलं. गळती कुठेच नव्हती. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइलने भरते, म्हणून डबीतली पातळी खाली जाते. ते ऑइल भरत गेले आणि पॅडकडे कुणी बघितलं नाही. गाडी आली तेव्हा डिस्कवर नांगर फिरवल्यासारखे चर पडले होते. पॅडमध्ये भागणारं काम डिस्कसकट करावं लागलं. डबीतली पातळी उतरलेली दिसली तर बाटली आणण्याआधी चाक खोला.

आता न दाबताही येणारे आवाज थोडक्यात. सतत पत्रा घासल्यासारखा आवाज, विशेषतः कच्च्या रस्त्यावरून आल्यावर: डिस्कच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. निपाणीकडच्या एका गाडीला याच आवाजावरून दोन्ही बेअरिंग सांगितली होती. मी चाक काढून स्क्रूड्रायव्हरने हरभऱ्याएवढा खडा पाडला, पैसे काय घ्यायचे त्याचे? बेअरिंगचा आवाज घूं-घूं असतो, वेगाबरोबर वाढतो आणि लांब वळणावर कमी-जास्त होतो. ब्रेक लावताना एकदाच "टक्" झालं तर पॅडच्या क्लिपा, कॅलिपरचा बोल्ट, नाहीतर लोअर आर्मचं, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं, रबरी बुश. कॅलिपरचा बोल्ट सैल असणं जिवावरचं आहे, म्हणून "टक्" लांबणीवर टाकू नका. आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत निसरड्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरून गर्र वाजलं, तर घाबरून पाय काढू नका, तसाच दाबून ठेवा. ते यंत्रणेचं काम चालल्याचं लक्षण आहे.

तर मोजायचं कसं. पुढची दोन्ही चाकं काढून घ्या. चाकाच्या भोकातून बाहेरचा पॅड दिसतो आणि अनेक मिस्त्री तेवढ्यावरच "आहे अजून" म्हणतात. आतला पॅड बघितल्याशिवाय काही ठरवू देऊ नका. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन एकाच, म्हणजे आतल्या बाजूला असतो, आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. बाहेरचा सात मिलिमीटर आणि आतला दोन, असं मी कितीतरी वेळा बघितलंय. लायनिंग तेवढं मोजायचं, मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. चार पॅड, चार आकडे, कागदावर लिहून घ्या.

माझा हिशेब असा: सहा-सात मिलिमीटर असेल तर साफसफाई, पिनांना ग्रीस, गुळगुळीत थर असेल तर घासणं, बस. चार असेल आणि गाडी गावातच फिरत असेल तर अजून काही हजार किलोमीटर चालेल. पण तुम्ही महिन्यातून दोनदा चोर्ला उतरता, म्हणून तुम्हाला चारवरच बदला म्हणेन. पातळ पॅडमधून उष्णता कॅलिपरपर्यंत आणि ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचते. तीन किंवा खाली असेल तर कुणालाच विचारू नका, बदला. पॅड नेहमी पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. एकाच चाकाचे बदलले तर गाडी एका बाजूला ओढते.

डिस्कचं तुमच्या इस्टिमेटमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण खर्चाचा मोठा वाटा तिथे आहे. डिस्क बदलायची कारणं मोजकी: जाडी कमी झाली, खोल चर पडले, तडा गेला, नाहीतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं आणि लेथवर निघण्याइतकी जाडी उरली नाही. किमान जाडी बहुतेक डिस्कवर ओतलेली किंवा कोरलेली असते, घासून पुसली की दिसते. मोजताना एक गोम आहे. डिस्कच्या कडेला न झिजलेली कड उभी राहते, साधा व्हर्निअर त्या कडेवर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. स्क्रू गेज नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. तुम्ही थरथरीचं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे ५८,००० वर दोन्ही डिस्क गेल्या असतील हे मोजमाप दाखवल्याशिवाय मी मान्य करणार नाही. थरथर असेल आणि जाडी असेल, तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर डिस्कचा फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट करून, मिळतो. त्या भागात लेथवर आयुष्य काढलेले कारागीर आहेत, काम स्वच्छ करतात. मात्र फेस मारल्यावरही किमान जाडीच्या वर राहिली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंच्या डिस्क बरोबरीने मारायच्या.

पिनांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्या भागात खरी मेख तिथेच असते. खानापूरची तांबडी माती, नाहीतर चिकोडी-निपाणीला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल, वर पाऊस. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, जरा फाटलं की पाणी-माती आत जाते आणि पिन गंजून बसते. पिना काढून पुसायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, दुसरं कुठलंही नाही. धंद्याच्या सुरुवातीला मी एका गाडीला चेसिसला लावतात ते साधं ग्रीस लावलं होतं. खनिज तेलाने रबर फुगतं हे तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन महिन्यांत ती गाडी परत आली, पिना इतक्या घट्ट बसल्या होत्या की कॅलिपर तापवून काढावा लागला. पैसे मी घेतले नाहीत, पण त्या दोन महिन्यांत तो माणूस बायका-पोरांना घेऊन आंबोली उतरून आला होता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून काम करून घेताना ग्रीस कुठलं लावताय हे बिनधास्त विचारा. पाऊचवर लिहिलेलं असतं.

ब्रेक ऑइल तुमच्या यादीत आहे ते मला योग्य वाटतं, शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर नक्कीच. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. सपाटीवर फरक कळणार नाही. घाटात कळतो: ऑइल उकळून बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो, आणि पाय तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. दोन वर्षांतून एकदा बदलायचं. कुठलं भरायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ५ चुकूनही नाही.

चोर्ला उतरताना कणकुंबी सोडली की पुढे गोव्यातल्या केरीपर्यंत गाडी गिअरवर सोडा. जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि ते आजही खरं आहे. ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा, वेग कमी करा, सोडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं तर अजिबात नको. पायाच्या दाबाला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा दाबलं की पेडल दगडासारखं होतं. खाली पोचल्यावर जळका वास आला तर सावलीत थांबा, अर्धा तास तरी. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, आणि तेव्हा हँडब्रेकही ओढू नका. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. पावसाळ्यात घरी लावतानाही असंच करा, नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटतात.

आता पैसे. गाडीप्रमाणे आणि मालाप्रमाणे फरक पडतो, पण तुमच्या वर्गातल्या गाडीला माझ्याकडे साधारण असं पडतं: पुढचे चांगल्या कंपनीचे पॅड १,२०० ते २,५००, बसवणावळ आणि पिनांची सर्व्हिस मिळून ६०० ते १,०००, ब्रेक ऑइल, पाइपातली हवा काढण्यासकट, ५०० ते ८००. मागचे लायनर लागलेच तर १,००० ते १,८०० आणि वर मजुरी. डिस्कची जोडी ३,००० ते ५,०००. म्हणजे डिस्क चांगल्या निघाल्या तर तुमचं काम तीन-चार हजारांत, मागचे लायनर धरले तर सहाच्या आसपास बसावं. नुसतं खोलून-मोजून साफ करायचे तीनशे-चारशे. शोरूमचे दर यापेक्षा जास्त असतात, त्यात त्यांची जागा, त्यांची वॉरंटी येते. जास्त घेतात याची माझी तक्रार नाही, मोजल्याशिवाय घेऊ नयेत एवढंच. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, मजुरीवरही तेवढाच. इस्टिमेटवरची रक्कम कर धरून आहे की सोडून, तेही बघा. इस्टिमेट इंग्रजीत असतं, समजलं नाही तर मराठीत विचारा, कन्नडात विचारा, पण ओळ न ओळ समजून घ्या. जुने भाग परत मागा. आणि पॅड पक्क्या बिलावर घ्या. डुप्लिकेट पॅडचं लायनिंग पट्टीपासून सुटून आलेलं मी हातात धरलंय.

वर्षाचा हिशेब मी ग्राहकांना किलोमीटरवर मांडायला सांगतो. छोट्या पेट्रोल गाडीला दर किलोमीटरमागे एक रुपया बाजूला टाका. महिन्याला हजार किलोमीटर तर हजार रुपये. त्यात इंजिन ऑइल-फिल्टर, ब्रेक, अलाइनमेंट, बॅटरी आणि टायरसुद्धा बसतात, कारण टायर एकदम येतात तेव्हा घरचं गणित कोलमडतं. विमा आणि अपघात यात नाही. तंगी असेल तेव्हा एसीची सफाई, इंजिनचं कार्बन काढणं, पॉलिश, आतली ड्रायक्लीनिंग हे सगळं बिनधास्त पुढे ढकला. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे आणि वेळेवर इंजिन ऑइल यांचे पैसे मात्र ढकलू नका.

तुमच्यासाठी माझं म्हणणं: पुढच्या गोवा फेरीआधी खानापुरातल्याच त्या मिस्त्रीकडे जा, तीनशे द्या, पण घासण्याआधी दोन्ही चाकं खोलून तुमच्या समोर चारही पॅड आणि दोन्ही डिस्क मोजायला सांगा. पिना हाताने सरकतात का बघा. पॅड बदललेच तर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय तळाला जातो आणि गॅरेजच्या दारातच गाड्या भिंतीला लागतात. नवे पॅड बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तेवढ्यात घाट उतरू नका.

पॅडचे चार आकडे, डिस्कची जाडी आणि तिच्यावर लिहिलेली किमान जाडी मला कळवा. मग १४,६०० मधल्या कुठल्या ओळी ठेवायच्या आणि कुठल्या खोडायच्या, ते एकेक करून सांगतो.